आधी फक्त शेपूट मागव

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, शिक्षण मेकॅनिकल, नोकरी सोलापुरातच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांची यंत्रमागाची शेड. माग विकून दोन वर्षं झाली, शेड रिकामी. 'काका, दोन सीटचं किट विमान स्वतः बांधायचं आहे. हातानं असलं काम कधी केलेलं नाही. कोणतं किट घेऊ? सगळं एकदम मागवू का? किती वर्षं लागतील? आणि इथं ते उडेल का?'

काका म्हणालास, तेव्हा मी एकेरीवरच येतो. हवाई दलात वीस वर्षं एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पत्रा हे माझं काम. नंतर काही वर्षं एका फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये काढली. निवृत्तीनंतर दोन किट विमानांना, म्हणजे सुटे भाग मागवून स्वतः जोडायच्या विमानांना, हात लावला. एक भाच्याच्या अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये, ते उडतं. दुसरं इथं कुंभारीजवळच्या शेडमध्ये. ते सध्या स्वतःच्या चाकांवर उभं आहे आणि इंजिनाची वाट बघतंय.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर न घेताच लोक पैसे भरून बसतात. भारतात घरी बांधलेल्या विमानाची नोंदणी झालेली आहे. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा क्रमांक मिळाला. पण त्यांची हकीकत ज्यांनी वाचली आहे त्यांना ठाऊक आहे, की कागदासाठी लागलेली चिकाटी पत्र्यासाठी लागलेल्या चिकाटीहून कमी नव्हती. अमेरिकेत एक्कावन्न टक्क्यांचा नियम आहे: निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः शिकण्यासाठी केलेलं असलं की विमान एक्सपेरिमेंटल वर्गात बसतं. तिकडचे व्हिडिओ बघून आपली पोरं तोच नियम इथंही आहे असं धरून चालतात. इथं डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणेल ते. १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय, त्यामुळे जुन्या कुणाच्या अनुभवावरही विसंबू नकोस. किटचं नाव, वजन, इंजिन असं सगळं लिहून डीजीसीएला लेखी विचार: आयात कशी, नोंदणी कोणत्या वर्गात, बांधकाम चालू असताना तपासायला कोण येणार, उडवायचा परवाना कसा. उत्तर कागदावर येईपर्यंत एक रुपया बाहेर पाठवायचा नाही. फोनवर कुणी 'होऊन जाईल की' म्हणालं तर ते उत्तर धरू नकोस.

होटगी रोडच्या विमानतळाबद्दल एवढंच. विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, जून २०२५ पासून गोव्याची सेवा सुरू झाली. म्हणजे आता तिथं प्रवासी वाहतूक आहे आणि तुझं विमान तिथं कायमचं उभं राहील असं गृहीत धरता येत नाही. म्हणून पंख काढून ट्रॉलीवर घालता येतील असं किट बघ. व्हॅन्स या अमेरिकन कंपनीच्या आरव्ही-१२ ला ती सोय मुळातच आहे.

आता किटकडे. फायबरची विमानं दिसायला देखणी, पण रेझिनला साधारण २०–२५ अंशाचं हवामान आवडतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये ४२ अंशाला कपात कालवलेलं इपॉक्सी कपातच तापून धूर सोडायला लागतं. नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेली विमानं हलकी आणि सोपी असतात. तिथं मला हटकून विचारतात, 'मग सोलापुरी कापड चालंल की!' नाही चालत बाबा. त्याला खास पॉलिएस्टर लागतं, ते इस्त्रीनं तापवून आक्रसवतात आणि मग त्यावर डोपचा लेप चढवतात. चादरीचा इथं उपयोग एकच: पत्र्याला ओरखडे पडू नयेत म्हणून टेबलावर अंथरायला. त्या कामाला मात्र तिच्यासारखं काही नाही.

पहिल्यांदा बांधणाऱ्यानं ॲल्युमिनियमचं, कारखान्यातूनच भोकं पडून आलेलं किट घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. भोकं जुळली म्हणजे भाग जुळले. वेगळी चौकट उभारून मापं धरत बसावं लागत नाही. त्यातही दोन जाती. आरव्ही-१२ किंवा झेनिथ सीएच ७५० मध्ये बहुतेक ठिकाणी एका बाजूनं ओढून बसवायचे रिवेट, म्हणजे पत्रे जोडायच्या धातूच्या खिळ्या, असतात. ते एकटा माणूस बसवू शकतो. आरव्ही-७ सारख्यांत भरीव रिवेट: एका बाजूनं हवेची गन, दुसऱ्या बाजूनं लोखंडाचा ठोकळा, म्हणजे बकिंग बार, धरावा लागतो. बऱ्याच ठिकाणी दोन माणसं लागतात आणि आवाज असा, की शेजारी दार वाजवतील. एमआयडीसीत तो प्रश्न नाही. माग चालायचे तिथं रिवेट गन म्हणजे काहीच नाही. तरी तू ओढ-रिवेटचंच घे. उडायला लवकर मिळेल.

पण सगळं एकदम मागवू नकोस. आधी फक्त शेपूट मागव, आणि त्याच्याही आधी सरावाचं छोटं किट मिळत असेल तर ते. शेपूट हा सगळ्यात लहान भाग आहे, पण त्यात जवळजवळ सगळं काम येतं: स्पार म्हणजे आतली लांब तुळई, रिब म्हणजे आडव्या फासळ्या, वरचा पत्रा, बिजागरी, वजनाचा समतोल. शेपूट पूर्ण झालं आणि तरीही रोज सकाळी शेडमध्ये जावंसं वाटलं, तर पंख मागव. नाही वाटलं तर नुकसान शेपटापुरतं. इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट सगळ्यात शेवटी. लोक हौसेनं इंजिन आधी आणून दिवाणखान्यात ठेवतात. ते चार वर्षं न फिरता गंजतं, वॉरंटी खोक्यातच संपते आणि पॅनेलवरचे स्क्रीन जुने होतात. पैशाचा हिशेब करताना एवढं धर की इंजिन, प्रोपेलर आणि पॅनेल मिळून सांगाड्याच्या किटइतका किंवा त्याहून जास्त खर्च होतो.

वेळ. साध्या किटला आठ-नऊशे तास म्हणतात, भरीव रिवेटवाल्याला पंधराशे ते दोन हजार. हे कारखान्याचे तास. त्यात चुका, शोधाशोध आणि नुसतं बघत बसणं धरलेलं नसतं. तू बाराशे धर. आठवड्याला दहा तास दिलेस तर १२० आठवडे, म्हणजे सव्वादोन वर्षं. आता यातून लग्नसराई काढ, गड्ड्याची जत्रा काढ, एप्रिल-मेच्या दुपारी काढ. चार वर्षं म्हण आणि घरात आत्ताच तसं सांगून ठेव. महिन्यातून एक रविवार बारा तास काम करण्यापेक्षा रोज पहाटे तासभर बरा. हात विसरत नाही आणि काल कुठं सोडलं ते शोधण्यात अर्धा तास जात नाही.

शेड तुझी उत्तम आहे. फरशी पक्की, उंची भरपूर, थ्री फेज आलेलं. पण माग गेले तरी तूस, म्हणजे सुताचा भुगा, जात नाही. कैच्यांवर, पंख्यांवर, वायरिंगवर ते वर्षानुवर्षं बसून असतं आणि कॉम्प्रेसर चालू झाला की बरोबर तुझ्या ओल्या प्रायमरवर उतरतं. आधी वरून खालपर्यंत शेड झाडून, धुऊन घे. पारव्यांची जागा बंद कर. त्यांची विष्ठा पत्रा खाते. दोन लांब टेबलं कर, कमरेइतकी उंच, माथा खरोखरच सपाट. पाणसळ लावून बघ, डोळ्यावर जाऊ नकोस. टेबल पिळलेलं असलं की पंखही पिळलेला होतो, आणि पिळलेला पंख दुरुस्त होत नाही.

पत्र्याचं छप्पर हे खरं दुखणं. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे ०.०२३ मिमी वाढतं. तीन मीटरचा पत्रा पहाटे वीस अंशाला आणि दुपारी पंचेचाळीसला मोजलास तर पावणेदोन मिमीचा फरक पडेल. रिब आणि पत्रा दोन्ही एकाच धातूचे, एकाच सावलीत असतील तर सगळं मिळून वाढतं, बिघडत नाही. पण पत्रा खिडकीच्या उन्हात आणि स्पार सावलीत असं झालं, किंवा स्पार लोखंडी टेबलाला आवळून बांधलास, तर लोखंड निम्मंच वाढतं आणि भोकं सरकतात. ३.२ मिमीच्या रिवेटसाठी तीस नंबरचं ड्रिल लागतं, म्हणजे ३.२६ मिमी. सैलपणा मिमीच्या दहाव्या भागाहूनही कमी. नव्या पेठेत तीस नंबर मिळालं नाही म्हणून साडेतीनचं लावलंस तर तो भाग गेला.

माझी सगळ्यात महागाची चूक उन्हाचीच. माझ्या विमानात इंधनाची टाकी पंखातच आहे आणि तिचे सांधे पॉलिसल्फाइडच्या सीलंटनं बंद करतात. दोन भाग वजनावर मोजून कालवायचे, काळा डांबरासारखा चिकट लगदा होतो, हाताला लागला तर आठवडाभर निघत नाही. डब्यावर बी-२ लिहिलं होतं, म्हणजे २५ अंशाला दोन तास हाती. पण तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की हा वेळ निम्मा होतो. मी एप्रिलमध्ये, सकाळी दहाला, 'दोन तास आहेत की' म्हणून शांतपणे एकेक रिब लावत बसलो. शेडमध्ये चाळीसच्या वर गेलेलं. पाव तासानं लगदा तार सोडायला लागला, पुढच्या पाच मिनिटांत रबर. अर्ध्या रिब बसलेल्या, अर्ध्या बाहेर, आणि रिवेट एकही मारलेला नाही. ती टाकी सोडवायला मला तीन आठवडे लागले आणि दोन रिब नव्या मागवाव्या लागल्या. दुसरी टाकी डिसेंबरात केली, पहाटे साडेपाचला, थोडा-थोडा लगदा कालवून. मग टाकी बंद करून एका नळीला फुगा बांधायचा, किंचित हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. फुगा रात्रभर टवटवीत राहिला की टाकी पास. पण फुगा थोडा मऊ पडला म्हणून लगेच हबकू नकोस, रात्री गार झालं की हवा आकसते. साबणाला बुडबुडा आला तर मात्र खरंच गळती आहे.

आता रिवेट. तुझ्या किटमध्येही थोडे भरीव येऊ शकतात, म्हणून सांगतो. रिवेटचा दांडा पत्र्यातून त्याच्या जाडीच्या दीडपट बाहेर यायला हवा. ठोकल्यावर मागचं डोकं दीडपट रुंद आणि निम्मं उंच. म्हणजे ३.२ मिमीच्या रिवेटला ४.८ रुंद, १.६ उंच. याचं गेज मिळतं, खिशात ठेव. भोक पाडल्यावर दोन्ही बाजूंची बर, म्हणजे कडेला उभी राहिलेली धार, काढायची, पण ड्रिल घालून खळगा करायचा नाही. बोट फिरवलं तर धार लागू नये इतकंच. आणि पत्र्यावर खुणा शिसपेन्सिलीनं कधीच करू नकोस. शिसं म्हणजे ग्राफाइट. ओल लागली की त्या रेघेखाली ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. मार्कर वापर.

चुकलेला रिवेट काढणं हे मारण्यापेक्षा अवघड. मी वीस वर्षांचा फिटर, आणि भाच्याच्या गॅरेजमध्ये पहिल्याच शेपटाला माझी फजिती झाली. एक रिवेट थोडा कलला होता. थोडाच. मी ड्रिल लावलं, ते डोक्याच्या मध्यावरून सरकलं, भोकाचा इंग्रजी आठ झाला. मग मोठा रिवेट घातला, तोही कलला. तो काढताना रिबची कड इतकी जवळ आली की काठापासूनचं अंतर उरलंच नाही. ते अंतर भोकाच्या मध्यापासून रिवेटच्या जाडीच्या किमान दुप्पट हवं. शेवटी अख्खी रिब बदलली. म्हणजे एका बऱ्यापैकी चांगल्या रिवेटपायी एक चांगली रिब घालवली. किंचित कललेल्या रिवेटपेक्षा मोठं झालेलं भोक जास्त वाईट. कारखान्याच्या पुस्तकात किती कललेलं चालतं ते दिलेलं असतं, त्यात बसत असेल तर हात मागे घे. काढायचाच असेल तर डोक्याच्या बरोबर मध्ये पंच मार, डोक्याच्या उंचीइतकंच ड्रिल कर, डोकं पंचनं मोडून काढ, आणि दांडा मागून ठोकळ्याचा आधार देऊन हळू बाहेर ढकल.

मी इतका का चुकलो याचा नंतर विचार केला. हँगरमध्ये माझ्या प्रत्येक कामावर दुसऱ्याची सही असायची. मी काम करायचो, इन्स्पेक्टर बॅटरी घेऊन यायचा, बोट दाखवायचा, मी पुन्हा करायचो. गॅरेजमध्ये इन्स्पेक्टर नव्हता. स्वतःचं काम स्वतःच पास करायचं म्हटलं की माणूस दोन टोकं गाठतो: कधी सगळंच चालतं, कधी काहीच चालत नाही. रात्री अकराला 'चालतंय' वाटलेला रिवेट सकाळी सहाला चालत नाही.

म्हणून इथं कुंभारीत मी एक केलं. माझ्या शेजारी अक्का राहतात. टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं चेकिंगला होत्या. टेबलावरून कापड सरकत राहायचं आणि त्या हात फिरवून तुटलेला धागा, गाठ, डाग काढायच्या. एकदा चहा घेऊन आल्या, तेव्हा मी म्हटलं, यावर हात फिरवा आणि काय लागतंय ते सांगा. स्टॅबिलायझरचा, म्हणजे शेपटाच्या आडव्या पंखाचा, पत्रा होता, शेदोनशे रिवेट, पृष्ठभागाशी सपाट बसलेले. त्यांनी पदराला हात पुसला, डोळे दुसरीकडेच, तळवा एका टोकाकडून दुसरीकडे नेला. 'इथं लागतंय बघा. आणि इथं.' असं तीन ठिकाणी. मी गेज लावलं. तिन्ही डोकी केसभर वर होती. त्यांना विमानातलं काहीही कळत नाही, कळायची गरजही नव्हती. मी मात्र त्याच रांगेवरून दोनदा नजर फिरवून पुढे गेलो होतो. तेव्हापासून कोणताही भाग बंद करण्याआधी अक्कांचा हात फिरतो. तुझ्या वडिलांनी आयुष्यभर कापड तपासलंय. त्यांना शेडमध्ये बोलाव. रिवेट काय, हे समजावून सांगू नकोस, नुसतं विचार काय खटकतंय. शिवाय तुझ्याबरोबर विमानातलं जाणणारा एक माणूस हवाच, आणि त्यानं भाग बंद व्हायच्या आधी बघायला हवं. बंद झाल्यावर बघण्यासारखं काही उरत नाही. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढ, वहीत तारीख आणि तास लिही; परवान्याच्या वेळी तोच तुझा पुरावा.

बोल्टचं थोडक्यात. मेकॅनिकलवाल्यांचा हात जड असतो. एएन-३ या बारीक बोल्टला २० ते २५ इंच-पौंड टॉर्क, म्हणजे छोट्या पान्यावर दोन बोटांचा जोर. टॉर्क रेंच विकत घे आणि त्याचं कॅलिब्रेशन करून आण. जिथं सांधा फिरतो, उदाहरणार्थ कंट्रोलच्या दांड्याच्या टोकाला, तिथं नायलॉनचा नट नको; खाचांचा नट आणि त्यातून पिन. आवळून झालेल्या प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढ. रेघ नाही म्हणजे आवळलेला नाही, असा कडक नियम, स्वतःलाही.

उडवण्याबद्दल. तू लायसन्सचं काहीच लिहिलं नाहीस. बांधता-बांधता ते कर, बारामतीला फ्लाइंग स्कूल आहे. चार वर्षं फक्त रिवेट मारून विमान तयार झालं आणि त्याच दिवशी बांधणाराच पायलट म्हणून बसला, हे मी पाहिलंय आणि पुन्हा बघायचं नाही. पहिलं उड्डाण त्या जातीचं विमान उडवलेल्या माणसाकडून करून घे. त्याआधी विमान तोल, गुरुत्वमध्य काढ, आणि इंधनाचा प्रवाह मोज. नाक वर करून, नळी कार्ब्युरेटरपाशी सोडवून, डब्यात किती लिटर पडतं ते घड्याळ लावून बघ. रोटॅक्स ९१२ यूएलएस हे इंजिन पूर्ण शक्तीवर तासाला सुमारे २७ लिटर पितं. वरच्या टाकीतून नुसत्या उतारानं येत असेल तर दीडपट, म्हणजे तासाला ४० लिटर यायला हवं.

आणि महिना निवड. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. मेमध्ये दुपारी ४२ अंशाला हवा इतकी विरळ होते, की विमानाला ते सुमारे पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. धाव लांबते, चढ मंदावतो. पहिलं उड्डाण डिसेंबर-जानेवारीत, उजाडल्यावर लगेच, वारा उठायच्या आधी.

शेपटाचं खोकं आलं तर घाईनं फोडू नकोस. यादी घेऊन बस, एकेक रिवेटची पिशवी तोल. मोजत बसलास तर दिवस जाईल. खोक्याचं लाकूड चुलीत घालू नको, पंख ठेवायच्या घोड्या त्यातूनच होतात. आणि त्याच्या आधी, गड्डा उरकला की एखाद्या रविवारी सहाच्या आत कुंभारीला ये. टाकाऊ पत्रा भरपूर आहे. पन्नास रिवेट मार आणि त्यातले वीस काढ. अक्का साडेसातला चहा आणतात.